राजपत्रातली तारीख आणि हाती पडल्याची तारीख

आमच्या तालुका न्यायालयाच्या बार रूममध्ये, पाण्याच्या माठाशेजारच्या टेबलावर, लाल कापडी बांधणीची एक लांबट वही असते. तिच्यात चार रकाने आखले आहेत. पहिल्यात अधिनियमाचे, अध्यादेशाचे किंवा अधिसूचनेचे नाव, दुसऱ्यात राजपत्राची तारीख, तिसऱ्यात अंमलाची तारीख आणि चौथ्यात, तो मजकूर आमच्यापैकी कोणाच्या तरी हाती पहिल्यांदा पडला ती तारीख. ही वही मी २००३ साली सुरू केली. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यांमध्ये जे अंतर पडते, त्या अंतरात माणसांचे काय होते, हे गेली वीसहून अधिक वर्षे मी पाहत आलो आहे आणि आज त्याविषयीच लिहितो आहे.

वही सुरू होण्याचे कारण २००२ सालच्या पावसाळ्यात घडले. दिवाणी प्रक्रिया संहितेत मोठे फेरफार करणारा दुरुस्ती अधिनियम संसदेने १९९९ सालीच संमत केला होता. परंतु देशभरातल्या वकिलांनी त्याला विरोध केल्यामुळे तो अंमलात न येता तसाच राहिला. पुढे २००२ साली आणखी एक दुरुस्ती अधिनियम झाला आणि दोन्ही दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून एकदमच लागू झाल्या. १९९९च्या मजकुराप्रमाणे प्रतिवादीने समन्स बजावल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, दाखल केलीच पाहिजे, त्यापुढे मुदत देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, अशी तरतूद होती. २००२च्या दुरुस्तीने तिला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, जोडले आणि ३० दिवसांत कैफियत आली नाही तर कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत ती घेता येईल, अशी सवलत दिली. आज हे मी दोन वाक्यांत सांगू शकतो. त्या जुलैमध्ये आमच्या तालुक्यात हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते, कारण १९९९च्या दुरुस्तीची पुस्तिका बार रूममध्ये होती आणि २००२च्या दुरुस्तीचा मजकूर मात्र कोणाकडेच आलेला नव्हता.

माझ्या एका पक्षकाराला, ज्यांना सगळे गाव तात्या म्हणत असे, बांधाच्या दाव्यात ११ जुलैला समन्स मिळाले. भाताची लावण तोंडावर होती. समन्सचा कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवून ते शेतात राहिले आणि तारखेच्या दिवशी, म्हणजे २६ ऑगस्टला, माझ्याकडे आले. तोपर्यंतच्या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या तारखेला वकीलपत्र द्यायचे आणि कैफियतीसाठी मुदत मागायची, यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. मी मुदतीचा अर्ज दिला. समोरचे वकील १९९९ची पुस्तिका घेऊन उभे राहिले आणि त्यांनी ३० दिवसांची तरतूद वाचून दाखवली. ९० दिवसांची सवलत दिल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते, ते कात्रण माझ्या खिशात होते आणि ते मी पुढे केले. न्यायाधीशांनी ते सहानुभूतीने पाहिले आणि विचारले, "वकीलसाहेब, कात्रण ठीक आहे, पण मजकूर कुठे आहे?" मजकूर माझ्याकडे नव्हता आणि न्यायालयाच्या ग्रंथालयातही तो आलेला नव्हता. कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा, ज्याला आम्ही 'नो डब्ल्यू.एस.' म्हणतो तो आदेश, त्याच दिवशी निशाणी १ वर, म्हणजे मूळ दावा अर्जावर, लिहिला गेला.

सप्टेंबरच्या मध्यावर मी एसटीने पुण्याला गेलो आणि अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मला दुरुस्तीची नवी पुस्तिका मिळाली. ते परंतुक तिच्यात जसेच्या तसे छापलेले होते. ९० दिवस संपायला अजून अवकाश होता, त्यामुळे मी आदेश रद्द करण्याचा अर्ज दिला, तो मंजूर झाला आणि कैफियत दाखल झाली. मात्र विलंबाबद्दल ३०० रुपये खर्च भरण्याची अट घातली गेली. तात्यांनी कोर्टाच्या पायरीवर बसून कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि मला विचारले, "साहेब, कायदा माझ्याच बाजूनं होता म्हणता. मग हे तीनशे कशाचे?"

मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. माझ्या हातून ढिलाई झाली, हे मला मान्य आहे. पुण्याची फेरी मी जुलैमध्येच करायला हवी होती. परंतु त्या तीनशे रुपयांची खरी जबाबदारी माझ्यापेक्षा मोठी आहे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आज तर त्याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. ज्या दिवसापासून कायदा लोकांना बांधतो, त्या दिवशी तो लोकांना वाचायला मिळाला पाहिजे, आणि ती व्यवस्था करणे हे कायदा करणाऱ्याचे काम आहे, ज्याच्यावर कायदा लागू होतो त्याचे नव्हे.

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे तत्त्व आम्ही विद्यार्थिदशेत पहिल्या वर्षी शिकतो. त्याच तत्त्वाची दुसरी बाजू मात्र बहुतेकांच्या वाचनात उशिरा येते. ती बाजू सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात मांडली आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, याचा आपल्याकडच्या वकिलांना अभिमान वाटायला हवा. जयपूर संस्थानाचे महाराज अल्पवयीन असताना कारभार मंत्रिमंडळाकडे होता. त्या मंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी एक ठराव करून जयपूर अफू अधिनियम संमत केला. पण तो राजपत्रात किंवा अन्य कोणत्याही मार्गाने कधी प्रसिद्धच केला नाही. १९३८ साली त्या अप्रसिद्ध अधिनियमाला आणखी एक खंड जोडण्यात आला, तो असा की हा अधिनियम १ सप्टेंबर १९२४ पासून अंमलात आहे. त्याच्याच आधारे १९४८ साली हरला या माणसाला दोषी ठरवून ५० रुपये दंड केला गेला. पन्नास रुपयांचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. बंद दालनात केलेला आणि लोकांना ज्याचा पत्ताही लागू शकत नाही असा ठराव त्यांच्यावर कायदा म्हणून लादणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, आणि माणसाने वाजवी प्रयत्न केले तर कायदा कळून घेता येईल असा काही ओळखीचा मार्ग तरी असलाच पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा आहे.

'वाजवी प्रयत्न' या दोन शब्दांवर मी नेहमी थांबतो. जयपूरच्या मंत्रिमंडळाने काहीच प्रसिद्ध केले नव्हते, म्हणून तिथे निर्णय सोपा होता. राजपत्रात एकदा छापले की पुढे काय, हा प्रश्न १९६२च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उभा राहिला. झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी ३४ किलो सोने अंगातल्या जाकिटात दडवून विमानात बसला होता. मार्गस्थ सोने विमानाच्या मालयादीत नोंदवले पाहिजे, अशी अट घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ नोव्हेंबरला राजपत्रात आली होती आणि तो मुंबईत उतरला २८ तारखेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती सुटका फिरवली आणि भारतात अधिसूचना रीतसर प्रसिद्ध झाली होती, तेवढे पुरे, असे मानले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. जाकिटात सोने लपवणाऱ्या माणसाविषयी मला ममत्व नाही. पण त्या निकालापासून राजपत्रावरची तारीख ही जणू सर्वांच्या ज्ञानाची तारीख ठरली, आणि ती कल्पना मनिलाच्या प्रवाशाइतकीच आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही लागू पडते.

त्यातही केंद्राचा आणि राज्याचा नियम एकसारखा नाही, ही गोष्ट अनेक वकिलांच्याही लक्षात नसते. केंद्रीय अधिनियमात अंमलाची तारीख दिलेली नसेल, तर सगळ्या कायद्यांना लागू पडणारे सर्वसाधारण नियम सांगणाऱ्या १८९७च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाप्रमाणे तो राष्ट्रपतींनी संमती दिल्याच्या दिवसापासूनच लागू होतो, मग राजपत्र कधीही निघो. आपल्या राज्याच्या १९०४च्या सामान्य वाक्खंड अधिनियमात मात्र, ती संमती राजपत्रात पहिल्यांदा प्रसिद्ध होईल त्या दिवसापासून अधिनियम लागू होतो. या बाबतीत आपल्याकडचा नियम अधिक न्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वोच्च न्यायालयानेच २०२० साली या विषयात एक पाऊल पुढे टाकले. पुलवामाच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावणारी अधिसूचना निघाली. केंद्राने १ ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्र कागदावर छापणे थांबवून ते केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढायला सुरुवात केली असल्यामुळे ती नेमकी केव्हा प्रसिद्ध झाली याची नोंद सेकंदापर्यंत उपलब्ध होती: रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंद. अटारी सीमेवर त्याच दिवशी, पण त्या क्षणाआधी, ज्यांनी मालाची कागदपत्रे सादर केली होती त्यांच्याकडून वाढीव शुल्क मागितले गेले, आणि न्यायालयाने ती मागणी नाकारली. प्रसिद्धीच्या आधीच्या तासांना नवा कायदा लागू होत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. मला मात्र ते वाचताना राहून राहून वाटत होते की, संकेतस्थळावर चढवल्याचा सेकंद मोजणारी आपली व्यवस्था, तो मजकूर वाचणाऱ्यापर्यंत पोचला की नाही, हे अजून मोजत नाही.

हे पोचणे म्हणजे काय, हे दुरुस्ती अधिनियम कधी हातात न धरलेल्या वाचकाला सांगायला हवे. दुरुस्ती अधिनियम कधीच स्वतंत्रपणे वाचता येत नाही. त्याची भाषा साधारण अशा धर्तीची असते: मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमातील पोट-कलम (२) मधील खंड (ब) मध्ये, 'तीस दिवसांच्या आत' या मजकुराऐवजी, 'साठ दिवसांच्या आत' हा मजकूर दाखल करण्यात येईल. हे वाचून एखाद्या माणसाला आपला हक्क काय आहे ते कळणे शक्य नाही. त्यासाठी मूळ अधिनियम समोर हवा, त्यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या त्यात बसवलेल्या हव्यात आणि मग ही नवी दुरुस्ती त्यात बसवता यायला हवी.

मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो, त्या माझ्या ज्येष्ठांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची एक प्रत होती. ती मूळच्या जाडीच्या दुप्पट फुगलेली होती. त्यांचे कारकून दर शनिवारी दुपारी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवत आणि त्या आठवड्यात हाती आलेल्या दुरुस्त्यांच्या चिंध्या कापून त्या त्या कलमावर चिकटवत. काही पानांवर एकावर एक तीन थर होते. वरचा थर अलगद उचलला की खालचा जुना मजकूर दिसे, आणि कोणत्या साली काय कायदा होता हे त्या थरांवरून सांगता येई. प्रत्येक चिंधीच्या कडेला शिसपेन्सिलीने दोन तारखा लिहिलेल्या असत: एक राजपत्राची, दुसरी खळ लावल्याची. माझ्या लाल वहीची कल्पना मी त्या पेन्सिलीच्या तारखांवरूनच घेतली आहे. त्या दोन तारखांमध्ये कधी तीन आठवडे, कधी चार महिने गेलेले असत, आणि त्या काळात ज्येष्ठांनी दिलेला प्रत्येक सल्ला जुन्या मजकुरावर दिलेला असे. ते अत्यंत काटेकोर गृहस्थ होते, आणि तरीही या बाबतीत ते काहीच करू शकत नव्हते.

आता सगळे संकेतस्थळांवर आहे, मग अडचण काय, असे तरुण सहकारी मला विचारतात. राजपत्र आज पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर मिळते, हे खरे आहे आणि मी त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. वहीतल्या दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यांतले अंतर महिन्यांवरून दिवसांवर आले आहे. पण राजपत्र मिळाले म्हणजे कायदा मिळाला, असे होत नाही. खळ लावण्याचे काम अजूनही ज्याचे त्यालाच करावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेतले केवळ महाराष्ट्रापुरते असलेले कलम ९अ घ्या. अधिकारितेचा, म्हणजे तो दावा चालवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे की नाही, हा मुद्दा आधी निकाली काढण्यासंबंधीचे हे कलम जून २०१८ मध्ये अध्यादेशाने वगळले गेले, पुढे त्याचा अधिनियम झाला, आणि प्रलंबित प्रकरणांचे काय करायचे यासंबंधीची व्यावृत्ती (जुन्या प्रकरणांना सांभाळून घेणारी तरतूद) त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुन्हा बदलली. सहा महिन्यांत तीन कागद आले, आणि तिन्ही एकत्र लावून वाचल्याशिवाय आपल्या दाव्याचे काय होणार हे कोणत्याही पक्षकाराला सांगता येत नव्हते.

ऑक्टोबर २०२४ मधला प्रसंग तर अगदी अलीकडचा आहे. राज्य शासनाने अध्यादेश काढून अनेक दस्तांवरचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर नेले. त्याआधी घेतलेले शंभराचे मुद्रांक आता रद्द झाले, अशी अफवा दुसऱ्याच दिवशी आमच्या कचेरीच्या आवारात पसरली. वाटणीच्या समजुतीचा करारनामा करण्यासाठी दोन सख्खे भाऊ आदल्या दिवशी घेतलेला शंभराचा मुद्रांक हातात धरून माझ्या टेबलापाशी आले, तेव्हा धाकटा तो फाडून टाकण्याच्या बेतात होता. शुल्काची रक्कम वाढली याचा अर्थ जुना कागद निकामी झाला असा नाही, उरलेल्या रकमेचे मुद्रांक जोडून तो वापरता येतो, हे मी त्यांना अध्यादेशाची छापील प्रत दाखवून समजावले. प्रत दाखवू शकलो, कारण आमच्या एका कनिष्ठ सहकारिणीने ती त्याच सकाळी उतरवून घेतली होती. नाहीतर मीही तोंडी बोलणारा आणखी एक माणूस ठरलो असतो. उलट, अपुऱ्या मुद्रांकावर करार करून जे घरी गेले असतील, त्यांना त्याची किंमत आणखी काही वर्षांनी कळेल, कारण अपुरा मुद्रांक असलेला दस्त न्यायालयात पुराव्यात घेतला जात नाही आणि त्यावर दरमहा २ टक्के दराने शास्ती, म्हणजे दंड, चढत राहते.

याच काळात मुलांच्या दाखल्यांसाठी आलेल्या आयाबाया पाचशेचा मुद्रांक शोधत फिरत होत्या, हे पाहून माझ्या जिवाची तगमग झाली. जातीचा, उत्पन्नाचा, वास्तव्याचा दाखला मिळवण्यासाठी आणि शासकीय कार्यालयांत किंवा न्यायालयात दाखल करण्यासाठी जी प्रतिज्ञापत्रे लागतात, त्यांच्यावरचे मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ सालीच माफ केले आहे. ती साध्या कागदावर चालतात. वीस वर्षे झाली तरी ही माफी सांगायला कोणी बसलेले नाही आणि वाढलेला दर मात्र एका रात्रीत सगळ्यांना ठाऊक झाला होता. लोकांवर बोजा टाकणारी तरतूद आणि लोकांना सवलत देणारी तरतूद यांचा वेग इतका वेगळा का असावा, या प्रश्नाचा विचार शासनाने करायला हवा, कारण हे पैसे ज्यांच्याकडून जातात त्यांच्या घरात पाचशे रुपये म्हणजे दोन दिवसांची मजुरी असते.

कायदा केल्याची बातमी उशिरा पोचते तसेच कायदा रद्द झाल्याचेही होते. पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली, त्यातून माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६अ विरुद्ध याचिका उभ्या राहिल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. तरीही देशभर त्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले. २०१९ साली निकालाच्या प्रती सर्व राज्यांपर्यंत पोचवण्याचे आदेश द्यावे लागले आणि जुलै २०२१ मध्ये न्यायालयाला पुन्हा एकदा धक्का व्यक्त करावा लागला. त्या वेळी महान्यायवाद्यांनी (अ‍ॅटर्नी जनरल) सांगितलेले कारण विचार करण्यासारखे आहे: पुस्तकात कलम जसेच्या तसे छापलेले असते आणि ते रद्द झाल्याचे फक्त तळटीपेत लिहिलेले असते. ठाणे अंमलदाराने तळटीप वाचली नाही म्हणून एखादा माणूस कोठडीत गेला, तर त्या कोठडीतल्या रात्रीची भरपाई कोण करणार?

अद्ययावत मजकूर खाजगी प्रकाशक आणि वर्गणीचे डेटाबेस पुरवतात, आणि त्यांच्यावाचून आमचे काम एक दिवसही चालणार नाही. पण त्यांची वर्गणी तालुक्यातल्या नव्या वकिलाला झेपत नाही. शिवाय १९५७च्या प्रतिलिप्याधिकार (कॉपीराइट) अधिनियमात अशी अट आहे की, विधिमंडळाचा अधिनियम छापायचा असेल तर त्यासोबत भाष्य किंवा स्वतःचा काही मूळ मजकूर असला पाहिजे. अन्य राजपत्रीय मजकूर कोणीही जसाच्या तसा छापू शकतो. नेमका अधिनियमच तेवढा अटीसह छापायचा, याचे समर्थन मला आजपर्यंत सापडलेले नाही. एखाद्या ग्रामपंचायतीने लोकांसाठी एखादा अधिनियम छापून वाटायचे ठरवले, तर तिलाही या अटीचा विचार करावा लागेल.

भाषेचा प्रश्न याच्याच पोटात आहे. आपल्या राज्यात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, जुलै १९९८ मध्ये तशी अधिसूचनाही निघाली आहे, आणि दावे, जबाब, रोजनामे मराठीत लिहिले जातात. केंद्रीय अधिनियमांचे राष्ट्रपतींच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेले प्रादेशिक भाषांतर प्राधिकृत पाठ मानले जाते, अशी सोय १९७३च्या अधिनियमाने केलेली आहे. पण इंग्रजी पाठ आणि मराठी पाठ एकाच दिवशी प्रसिद्ध झालेच पाहिजेत, असे कोणतेही बंधन त्यात नाही. माहितीचा अधिकार अधिनियमाचे कलम ४ सांगते की, शासनाने माहिती स्वतःहून आणि स्थानिक भाषेचा विचार करून लोकांपर्यंत पोचवावी. कायद्याच्या मजकुराइतकी लोकांच्या हक्काची दुसरी माहिती कोणती असू शकेल?

हे सगळे वेळेवर होऊ शकते, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांना २५ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, फेब्रुवारीत अंमलाची तारीख जाहीर झाली आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झाले. त्या कायद्यांच्या गुणदोषांविषयी माझी वेगळी मते आहेत. पण मधल्या सहा महिन्यांत आमच्या बार रूममध्ये जुन्या आणि नव्या कलमांचे तक्ते भिंतीवर लागले, शनिवारी वर्ग भरले, आणि १ जुलैच्या सकाळी पहिला जामीन अर्ज लिहिताना कोणाचा हात अडला नाही. लाल वहीत त्या तीन अधिनियमांपुढे चौथ्या रकान्यातली तारीख तिसऱ्या रकान्यातल्या तारखेच्या कितीतरी आधीची आहे. इतक्या वर्षांत असे क्वचितच घडले आहे.

माझी मागणी त्या अनुभवावरच उभी आहे. ज्या दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध होईल त्याच दिवशी, ती बसवलेला संपूर्ण अधिनियम शासनाने स्वतः मराठीत आणि इंग्रजीत उपलब्ध करून द्यावा, आणि तो तसा उपलब्ध होईपर्यंत दुरुस्ती अंमलात येऊ नये, असे कलम राज्याच्या सामान्य वाक्खंड अधिनियमात घालावे. कर वाढवताना साठेबाजी होते, म्हणून काही अध्यादेश तातडीने लागू करावे लागतात, हे मला समजते. तसे असेल तर तो अपवाद त्या अध्यादेशातच कारणासह लिहावा. प्रत्येक तालुका न्यायालयात आणि तहसील कचेरीत त्या मजकुराची एक छापील प्रत लोकांना हात लावून वाचता येईल अशी टांगलेली असावी. पूर्वी गावात दवंडी पिटल्याशिवाय लिलाव होत नसे आणि चावडीवर नोटीस लागल्याशिवाय फेरफाराची नोंद मंजूर होत नसे. जमिनीच्या एका नोंदीसाठी जी काळजी आपण घेत आलो, ती कायद्यासाठी घेणे काही फार मोठे मागणे नाही.

येत्या महिन्यात जिल्हा वकील संघाच्या बैठकीत हे मांडण्यासाठी मला वेळ मिळाला आहे. लाल वहीतल्या नोंदी मी सध्या एका तक्त्यात उतरवून घेतो आहे. वहीच्या पहिल्या पानावर, सुरुवात २००३ची असली तरी, मी मागाहून २००२ची एक ओळ लिहून ठेवली आहे: दिवाणी प्रक्रिया संहिता दुरुस्ती, अंमल १ जुलै, हाती १७ सप्टेंबर. तिच्यापुढे समासात ३०० रुपये एवढाच आकडा आहे. अन्य तालुक्यांतल्या कोणा वकिलाने, कारकुनाने किंवा मुद्रांक विक्रेत्याने अशा तारखा लिहून ठेवल्या असतील, मग त्या एखाद्या फुगलेल्या पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने का असेनात, तर बैठकीपूर्वी त्या मला कळवाव्यात. मी त्या माझ्या तक्त्यात जोडीन.